डबल ओटी मिळाला, तरी पैसे कमी का?

टाइम ऑफिसच्या खिडकीवर दर महिन्याच्या सात-आठ तारखेला गर्दी व्हायची. हातात पगाराची स्लिप आणि तोंडात एकच तक्रार, ओटीची म्हणजे ओव्हरटाइमच्या पैशांची : "साहेब, ओटी कमी आलाय." त्यातला एक नवा हेल्पर माझ्या पक्का लक्षात राहिला. त्याच्या स्लिपवर होतं, ओटी ३० तास, ३,२५० रुपये. आमच्या हेडक्लार्कनी मान वर न करता सांगितलं, "डबलनंच लावलाय, बघ." आणि ते खोटं नव्हतं. दर डबलच लावला होता. तरीही त्या पोराचे १,२५० रुपये कंपनीकडेच राहिले होते. कसे, ते पुढे आकडे मांडून दाखवतो.

तेव्हा मीही नवा होतो आणि गप्प बसलो. पुढे बरीच वर्षं हजेरी आणि पगारपत्रकं केल्यावर एक गोष्ट पक्की कळली. भांडण सगळे 'सिंगल की डबल' यावर घालतात, आणि पैसे गळतात दुसरीकडेच : तास मोजताना, आणि एका तासाचा दर काढताना. नव्यानं कामाला लागलेल्यांनी म्हणूनच हिशोब स्वतः करायला शिकावं. चौथीचं गणित आहे, त्याहून अवघड काही नाही.

आधी कायदा, पण थोडक्यात

कारखान्यातल्या ओटीचा पाया कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ मध्ये होता. दिवसाला ९ तासांपेक्षा किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं, तर जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट. महाराष्ट्रातली दुकानं, हॉटेलं, खासगी ऑफिसं यांच्यासाठी राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तिथेही मुळात ९ आणि ४८ हेच आकडे होते आणि दर दुप्पटच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. कारखाने अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. दुप्पट दर तसाच राहिला. बदल झाले ते असे : रोजच्या कामाचे तास संहितेनं ८ धरले आहेत, ओटी नेमका कितव्या तासानंतर सुरू होतो हे सरकारच्या नियमांवर सोडलं आहे, ओटीसाठी कामगाराची संमती लागते, आणि 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली आहे. हा शेवटचा बदल खिशाला थेट लागतो, त्यावर पुढे सविस्तर बोलू. संक्रमणाच्या काळात जुने नियम आणि अधिसूचना चालू राहतील, असं केंद्र सरकारनं जाहीर केलं होतं. त्यामुळे कामाला लागताच टाइम ऑफिसला सरळ विचारून घ्या : आपल्याकडे ओटी आठ तासांनंतर धरतात की नऊ, आणि कोणत्या नियमानं? खाली मी नऊचा आकडा धरून मांडणी केली आहे. तुमच्याकडे आठ असेल तर आकडा बदला, रीत तीच.

पहिली पायरी : आपल्याला ओटी लागतो का?

मशीनवर, पॅकिंगला, गोदामात, काउंटरवर, डेटा एंट्रीला हातानं काम करणारा माणूस यात येतो. कंत्राटी कामगारही येतो. ठेकेदारानं पैसे दिले नाहीत, तर मूळ कंपनीला ते द्यावे लागतात. "तू आमच्या रोलवर नाहीस" या वाक्याला इथे अर्थ नाही.

बाहेर राहतात ते व्यवस्थापक. नव्या संहितेत मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि महिन्याला १८,००० रुपयांवर वेतन घेणारे सुपरवायझर 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत. इथे एक जुनी चलाखी सांभाळून असा. पद देतात 'असिस्टंट मॅनेजर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह', आणि काम तेच, माल मोजायचा, गाडी भरायची. हाताखाली एक माणूस नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय यापेक्षा दिवसभर तुम्ही प्रत्यक्षात करता काय, हे पाहिलं जातं. कार्ड मिळालं म्हणून हक्क सोडून देऊ नका.

दुसरी पायरी : तास मोजा

खरी गळती इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

जेवणाची सुट्टी कामाच्या तासांत धरत नाहीत. आठ ते साडेचारची शिफ्ट आणि अर्धा तास जेवण, म्हणजे काम आठ तास. कारखान्यात सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती देण्याचा जुना नियम आहे. आता उलट बाजू बघा : जेवायला सुट्टीच दिली नाही, मशीन चालू ठेवूनच डबा खाल्ला, तर तो अर्धा तास कामाचाच. पण पगाराचं सॉफ्टवेअर रोज अर्धा तास आपोआप वजा करतं. महिन्याचे सव्वीस दिवस धरा, तेरा तास गायब. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, सॉफ्टवेअर बसवताना एक टिक मारून ठेवली होती आणि मग तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

आता आठवडा. समजा, तुमची शिफ्ट आठ तासांची आहे आणि रविवारी सुट्टी. एका आठवड्यात सोमवारी ८ तास, मंगळवारी ११, बुधवारी ८, गुरुवारी १०, शुक्रवारी ८, शनिवारी ८ तास काम केलंत. एकूण ५३.

रोजच्या हिशोबानं नऊच्या वरचे तास : मंगळवारी २, गुरुवारी १. झाले ३.
आठवड्याच्या हिशोबानं ४८ च्या वरचे तास : ५.

तुमचा ओटी ५ तास, कारण दोन्हींपैकी जो हिशोब कामगाराच्या फायद्याचा तो धरायचा. नव्या संहितेत तर हे शब्दांत लिहिलंच आहे. खिडकीवरचा क्लार्क मात्र सवयीनं रोजचाच हिशोब लावतो आणि ३ लिहून मोकळा होतो. "नववा तास सिंगलच असतो" हे वाक्य तुम्ही ऐकाल. ते अर्धं खरं आहे. आठवडाभर पूर्ण हजेरी असेल, तर सहा गुणिले आठ म्हणजे ४८ तास आधीच भरलेले असतात, मग एकही जादा तास झाला की तो ४८ च्या बाहेर पडतो आणि डबल होतो.

आता त्याच आठवड्यात शुक्रवारी तुम्ही रजा घेतलीत असं धरा. एकूण ४५ तास. आठवड्याच्या हिशोबानं ओटी शून्य. रोजच्या हिशोबानं मात्र ३ तास डबलचे आहेतच, ते रजेमुळे बुडत नाहीत. मंगळवार-गुरुवारचा नववा तास तेवढा कायद्यानं डबलमध्ये येत नाही. नेमणूकपत्रात किंवा युनियनच्या करारात आठ तासांनंतर डबल लिहिलं असेल, तर तोही मिळतो. म्हणून करार वाचा. बऱ्याच जुन्या कंपन्यांतले करार कायद्याच्या पुढे गेलेले आहेत.

आठवडा कुठून कुठे मोजायचा, हाही प्रश्न येतो. कारखाने कायद्यात तो शनिवारच्या मध्यरात्रीपासून सात दिवसांचा. पगाराचा महिना २१ ते २० किंवा २६ ते २५ असा असतो, आणि त्यात एखादा आठवडा मधोमध चिरला जातो. अर्धा या महिन्यात, अर्धा पुढच्या. मग कुठल्याच महिन्यात ४८ भरत नाहीत. डायरीत आठवडा वेगळा लिहून ठेवला नाही, तर हे कधी कळणारही नाही.

रात्रपाळीवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. सेकंड शिफ्ट दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही, तुम्ही पहाटे साडेतीनपर्यंत थांबलात. चार तास जादा झाले. हजेरीच्या मशीनची तारीख रात्री बाराला बदलते आणि सॉफ्टवेअर तुमचा दिवस दोन तुकड्यांत कापतं : काल साडेआठ तास, आज साडेतीन तास. दोन्ही नऊच्या आत, ओटी शून्य! कारखाने कायद्यात मात्र स्पष्ट आहे की मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतले बारानंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे. म्हणजे बारा तासांचा एकच दिवस, आणि नुसत्या रोजच्या हिशोबानंही ओटी तीन तास.

रविवारी बोलावलं तर? साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केलं म्हणून ते आपोआप डबल होत नाही. आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत दुसरी सुट्टी दिली, तर ती अदलाबदल ठरते. पण सलग दहा दिवसांहून जास्त दिवस पूर्ण सुट्टीशिवाय काम करून घेता येत नाही. बदली सुट्टी दिलीच नाही, तर ते तास आठवड्याच्या बेरजेत धरा. सहा दिवसांचे ४८ आणि रविवारचे ८, म्हणजे ५६. आठही तास डबलचे. 'कॉम्प ऑफ घे कधीतरी' एवढ्यावर हे मिटत नाही. सुट्टी त्या जागी मिळते, ओटीचे पैसे वेगळे.

तिसरी पायरी : एका तासाचा दर

आता त्या हेल्परच्या स्लिपकडे येऊ. बेसिक ९,१०० रुपये, महागाई भत्ता ३,९००, घरभाडे २,६००. एकूण १५,६००.

कलम ५९ मधला 'नेहमीचा दर' म्हणजे बेसिक आणि मिळणारे भत्ते. बोनस आणि ओटी त्यात नाही. तर हिशोब असा :

१५,६०० भागिले २६ = ६०० रुपये रोज.
६०० भागिले ८ = ७५ रुपये तास.
दुप्पट = १५० रुपये.
३० तासांचे = ४,५०० रुपये.

२६ का? महिन्यातल्या चार साप्ताहिक सुट्ट्या वगळून उरलेले कामाचे दिवस. पगाराच्या हिशोबात हा आकडा रूढ आहे, ग्रॅच्युइटीच्या सूत्रातही २६ नेच भागतात.

कंपनीनं काय केलं होतं? घरभाडे सोडून दिलं आणि उरलेल्या १३,००० ला ३० नं भागलं. रोज ४३३ रुपये ३३ पैसे, तास ५४ रुपये १७ पैसे, दुप्पट १०८ रुपये ३३ पैसे. गुणिले ३० तास, ३,२५० रुपये. दोन गुणिले बरोब्बर केलेलं आहे. चूक त्याच्या आधीच झाली होती, आणि ती स्लिपवर कुठेच दिसत नाही.

यातला तीसचा भागाकार सगळ्यात सर्रास आढळतो. नुसत्या त्यानंच दर १५० चा १३० होतो. गंमत म्हणजे गैरहजेरी कापताना हीच मंडळी २६ नं भागतात, कारण तेव्हा एका दिवसाचे ६०० कापता येतात. कापताना एक आकडा आणि देताना दुसरा, असं दिसलं तर तेवढंच शांतपणे दाखवा. माझ्या अनुभवात या एका मुद्द्यावर क्लार्क सगळ्यात लवकर नरमतो.

आता नव्या संहितांनी काय बदललं ते. 'वेतन' म्हणजे बेसिक, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता (काम बंद असलेल्या काळात कामगाराला धरून ठेवण्यासाठी देतात तो). घरभाडे, प्रवास वगैरे बाहेर. पण बाहेर ठेवलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. आपल्या हेल्परचं घरभाडं निम्म्याच्या खूप खाली आहे, त्यामुळे नव्या व्याख्येनं त्याचं वेतन १३,००० येतं : रोज ५००, तास साडेबासष्ट, दुप्पट १२५, ३० तासांचे ३,७५०. म्हणजे ३,२५० हा आकडा नव्या हिशोबानंही चूकच. पण जुन्या ४,५०० पेक्षा हा कमी आहे, हेही खरं. संहिता आल्यावर 'सगळं वाढलं' असं सांगणाऱ्यांनी ही वजाबाकी करून बघावी.

ज्यांचं बेसिक मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, त्यांना निम्म्याच्या नियमाचा उपयोग होतो. एकूण २०,००० आणि त्यात बेसिक व महागाई मिळून ७,००० फक्त. भत्ते १३,०००, म्हणजे निम्म्याहून ३,००० जास्त. ते ३,००० वेतनात परत येतात आणि ओटी १०,००० वर निघतो, ७,००० वर नाही.

पीस रेटवाल्यांना, म्हणजे नगावर मजुरी घेणाऱ्यांना, तासाचा दर नसतो, म्हणून त्यांना ओटीच नाही, असं बिनदिक्कत सांगितलं जातं. कारखाने कायद्यात त्यांच्यासाठी वेगळी रीत दिली होती. आदल्या महिन्यात त्याच कामावर जेवढे दिवस प्रत्यक्ष काम केलं, त्या दिवसांची सरासरी रोजची कमाई काढायची, ओटीची कमाई सोडून. ती झाली रोजची मजुरी. मग आठानं भागा आणि दुप्पट करा.

चौथी पायरी : गुणाकार, आणि एक सापळा

तास गुणिले दुप्पट दर, संपलं. सापळा असा : "महिन्याच्या पगारात एक पट आलेलीच आहे, म्हणून वरची एक पट देतो." हे चूक आहे. महिन्याचा पगार ठरलेल्या तासांचा असतो. जादा तास त्याच्या बाहेरचे, त्यांना पूर्ण दोन पट.

ओटीवर पीएफ साधारणपणे कापत नाहीत. आयकरासाठी मात्र तो पगारच धरतात. बोनस आणि ग्रॅच्युइटीच्या हिशोबात ओटी येत नाही, म्हणून दर महिन्याला ओटीवर घर चालवणाऱ्यांनी तेवढं मनात धरून ठेवावं.

मर्यादेबद्दल

ओटी किती करून घ्यायचा यालाही मर्यादा आहे. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी ती तीन महिन्यांत ११५ तास होती, दुकानांसाठी १२५. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दोन्हीकडे १४४ करायला आणि कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, कामगाराच्या लेखी संमतीच्या अटीवर. ती बातमी आली आणि लगेच "आता बारा तासांपर्यंत ओटी नाही" अशी आवई उठली. मर्यादा वाढणं आणि दर बुडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मर्यादा भरली की काही ठिकाणी उरलेले तास 'इन्सेंटिव्ह' नावाखाली किंवा व्हाउचरवर रोखीनं, सिंगल दरानं देतात, कारण रजिस्टरला ते दिसायला नकोत. मर्यादा मोडल्याचा दोष मालकाचा. तुम्ही केलेल्या तासाचा दर त्यानं कमी होत नाही.

पाचवी पायरी : नोंद ठेवा आणि मागा

खिशातली एक छोटी डायरी पुरे. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, जेवणाची सुट्टी मिळाली की नाही, थांबायला कुणी सांगितलं. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात आणि महिनाअखेरीला सुपरवायझर म्हणतो, "मी कुठं थांबवलं होतं?" थांबवल्याचा मेसेज फोनवर आला असेल तर तो पुसू नका. ओटी स्लिप मिळत असेल तर तिचा त्याच दिवशी फोटो काढा, कारण ती लाल-गुलाबी पातळ कागदाची असते आणि धुण्यात जाते.

स्लिपवर रक्कम जमली नाही, तर आधी टाइम ऑफिसला जा, आणि "कमी आलाय" म्हणू नका. "माझे तास किती धरले? कोणत्या रकमेला कितीनं भागलं?" हे दोनच प्रश्न विचारा. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, पुढच्या पगारात फरक जमा होतो. नाही मिटलं तर एक पानी अर्ज द्या, तारखांसकट, आणि आपल्या प्रतीवर पोहोच घ्या. युनियन असेल तर तिच्यामार्फत. त्यानंतर जिल्ह्यातलं कामगार आयुक्तांचं कार्यालय. कारखान्यातल्या तासांच्या उल्लंघनाची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही करता येते.

वेतन संहितेनं थकलेल्या पैशांचा दावा करायला तीन वर्षं दिली आहेत, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तरी डायरी ठेवाच. पैसे दिल्याचा पुरावा त्यांनी द्यायचा असला, तरी पहाटे साडेतीनपर्यंत मशीनवर कोण उभं होतं, हे तुमच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

त्या हेल्परला मी पुढच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि सिगारेटच्या पाकिटाच्या मागे सगळा भागाकार करून दाखवला. दुसऱ्या दिवशी तो खिडकीवर आला आणि हेडक्लार्कना एवढंच म्हणाला, "साहेब, माझी गैरहजेरी कितीनं भागता?"